महाराष्ट्रातील शिराझ

महाराष्ट्रातील शिराझ या नावाने राज्यात पिकवल्या जाणाऱ्या शिराझ (फ्रेंच नाव : सिरा) या काळ्या द्राक्षवाणाचा आणि त्यापासून तयार होणाऱ्या लाल वाईनचा निर्देश होतो. कॅबर्ने सॉव्हिन्यों या वाणासोबत शिराझ हे भारतीय लाल वाईनचे प्रमुख द्राक्ष मानले जाते. लागवड मुख्यतः नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड, नाशिक व इगतपुरी तालुक्यांत असून सोलापूर, पुणे व सांगली जिल्ह्यांतही काही बागा आहेत. या वाणाचा महाराष्ट्रातील इतिहास विसाव्या शतकाच्या अखेरीपलीकडे फारसा जात नाही. तो बव्हंशी द्राक्ष बागायतदार व जमीनमालक कुटुंबांनी घडवला आहे, आणि त्यातील नफ्यातोट्याचा मोठा भागही याच कुटुंबांच्या वाट्याला आला आहे.

नाव आणि मूळ

इराणमधील शिराझ शहरातून हे द्राक्ष धर्मयोद्ध्यांनी किंवा व्यापाऱ्यांनी फ्रान्समध्ये नेले, अशी कथा दीर्घकाळ प्रचलित होती. फारसी काव्यामुळे शिराझ शहराचे नाव भारतीय वाचकाच्या परिचयाचे असल्याने ही कथा आपल्याकडे अधिकच रुजली. आजही वायनरी पाहायला आलेल्या पर्यटकांच्या तोंडी ती ऐकू येते. मात्र १९९८ मध्ये अमेरिका व फ्रान्स येथील संशोधकांनी केलेल्या डीएनए परीक्षणातून हा वाण आग्नेय फ्रान्समधील दोन स्थानिक वाणांच्या संकरातून जन्मल्याचे सिद्ध झाले. त्यांपैकी ‘द्यूरेझा’ हा काळा वाण, तर ‘माँद्यूज ब्लांश’ हा पांढरा. ऱ्होन नदीच्या उत्तर खोऱ्यातील हर्मिटाज टेकडी ही या द्राक्षाची सर्वांत प्रसिद्ध भूमी होय.

१८३२ मध्ये जेम्स बझ्बी याने युरोपातून जमवलेल्या वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. त्यांत हा वाणही होता. तेथे त्याला ‘शिराझ’ हे नाव रूढ झाले आणि बरोसा खोऱ्यातील उष्ण हवेत त्याची दाट, मद्यार्काचे प्रमाण जास्त असलेली वाईन होऊ लागली. महाराष्ट्रातील उत्पादकांनी बहुधा ऑस्ट्रेलियन नावच स्वीकारले. मोजक्या वायनरी मात्र बाटलीवर ‘सिरा’ असे लिहितात. वाण एकच आहे. नावाच्या निवडीतून उत्पादकाला कोणती शैली अभिप्रेत आहे, याचा थोडासा अंदाज येतो, एवढेच.

पार्श्वभूमी : खाण्याच्या द्राक्षांचा प्रदेश

दख्खनमध्ये द्राक्षे जुनी आहेत. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने दौलताबाद येथील द्राक्षे व डाळिंबे यांचा उल्लेख केला असून त्यांना वर्षातून दोनदा फळ येते, असे नोंदवले आहे. उष्ण कटिबंधात द्राक्षवेल हिवाळ्यात पूर्णपणे झोपी जात नाही आणि छाटणी केली की पुन्हा फुटते, हे निरीक्षण आजच्या शेतीलाही लागू पडते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाशिककडे भोकरी, फकडी, पंढरी साहेबी असे बियांचे वाण होते. १९६० नंतर बिनबियांच्या थॉमसन सीडलेसने त्यांची जागा घेतली. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात ‘तास-ए-गणेश’, तर सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे नानासाहेब काळे यांच्या बागेत ‘सोनाका’ असे नवे प्रकार शेतकऱ्यांनीच निवडून काढले. १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. वाईनची द्राक्षे लावायची वेळ आली तेव्हा कुशल छाटणीकामगार, ठिबक सिंचन, फवारणीचे ज्ञान आणि वेलींवर जीव लावणारी शेतकरी कुटुंबे हे सारे येथे आधीच होते. नव्हते ते वाईन पिणारे गिऱ्हाईक.

हे कौशल्य जसेच्या तसे वापरता येत नाही, ही बाब मात्र अनेकांना बाग लावल्यानंतर उमगली. खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा, लांबट, पातळ सालीचा व बिनबियांचा हवा असतो. त्यासाठी जिबरेलिक आम्ल वापरतात, घडांची विरळणी करतात, वेलींना भरपूर खत-पाणी देतात. वाईनसाठी मणी लहान, जाड सालीचा व बियांचा असला तरच चांगले, कारण रंग, टॅनिन व सुगंधाची द्रव्ये प्रामुख्याने सालीत असतात. लहान मण्यांत रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक भरते. वेल जोमदार वाढू देणे हा एका बागेतील गुण दुसऱ्या बागेत दोष ठरतो. एकरी जास्त माल काढण्यात मुरलेल्या बागायतदाराला वेलीवरचे घड मुद्दाम कमी ठेवायला सांगणे, हे या पिकातील सर्वांत अवघड काम म्हणावे लागेल.

वाईन उद्योगाचा आरंभ

महाराष्ट्रातील आधुनिक वाईन उद्योगाचा आरंभ १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी उभारलेल्या इंडेज उद्योगापासून मानला जातो. पिपर-हाइडसिक या फ्रेंच शँपेन कंपनीचे तांत्रिक साहाय्य घेऊन तेथे फेसाळ वाईन तयार झाली व ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी गेली. महाराष्ट्राबाहेर, बंगळूरजवळील नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोवर कुटुंबाने त्याच दशकाच्या अखेरीस फ्रेंच वाणांची लागवड सुरू केली. त्यांच्या ‘ला रिझर्व’ या वाईनमध्ये कॅबर्ने सॉव्हिन्यों व शिराझ यांचे मिश्रण असते. शिराझ हे नाव भारतीय ग्राहकाच्या कानावर पडण्यास या वाईनचा मोठा हातभार लागला.

नाशिकमध्ये १९९७ साली राजीव सामंत यांनी कौटुंबिक जमिनीवर वाईनच्या द्राक्षांची लागवड केली. आईच्या ‘सुलभा’ या नावावरून कंपनीचे ‘सुला’ हे नाव घेतले गेले आणि २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आली. आरंभीचे वाण शेनिन ब्लां व सॉव्हिन्यों ब्लां हे पांढरे होते. लाल वाणांकडे वळल्यावर शिराझची निवड झाली आणि दिंडोरी तालुक्यातील द्राक्षांपासून केलेली ‘दिंडोरी रिझर्व शिराझ’ ही ओकच्या पिंपांत मुरवलेली वाईन या वाणाची राज्यातील ओळख बनली.

२००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. उत्पादन शुल्कात सवलत, परवान्यांचे सुलभीकरण आणि निफाड तालुक्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाईन पार्क, ही त्याची प्रमुख अंगे होती. पुढील काही वर्षांत नाशिक परिसरात वायनरींची संख्या झपाट्याने वाढली. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला पुढे भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

जमीन

महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे. हे लाव्हाचे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी साचले. बेसॉल्ट झिजून तयार होणारी माती एकसारखी नसते. नदीकाठच्या सखल भागात ती काळी, खोल व चिकण असते, उतारावर मध्यम, माळावर आणि टेकडीच्या कडेला हातभर मातीखाली लगेच मुरूम लागतो. शेतकऱ्याच्या भाषेत भारी, मध्यम, हलकी, मुरमाड व बरड ही विभागणी याच उतारावरून खाली-वर जाते.

काळ्या भारी जमिनीतील चिकणमाती पावसात फुगते व उन्हात आकसून तिला भेगा पडतात. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे कपाशी-ज्वारीसाठी ती वरदान ठरली. शिराझसाठी मात्र ती अडचणीची आहे. मुळांशी सतत ओल राहिली की वेल पानांच्या वाढीला लागते, घड सावलीत झाकले जातात, मण्यांना रंग उशिरा चढतो व हवा खेळती न राहिल्याने भुरीसारखे रोग बळावतात. शिराझ हा मुळातच जोमाने वाढणारा, लांब व लोंबत्या फुटी काढणारा वाण असल्याने भारी जमिनीत त्याला आवरणे आणखी कठीण जाते.

मुरमाड जमिनीत पाणी झिरपून जाते आणि मुळे खडकाच्या फटींतून खोल शिरतात. बागायतदाराला ठिबकद्वारे पाणी नेमके मोजून देता येते. मण्यांत पाणी उतरण्याच्या सुमारास, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ होऊन रंग घेऊ लागतो त्या अवस्थेत, पाणी थोडे तोडले की फुटींची वाढ थांबते व मणी लहान राहतात. एकेकाळी कुसळांखेरीज काही न उगवणारे माळ वाईनच्या द्राक्षांसाठी मोलाचे ठरले, ते यामुळे. नाशिकच्या पश्चिमेस गंगापूर धरणाच्या बाजूला व इगतपुरीकडे पाऊस वाढत जातो, तसा मातीचा रंगही तांबूस होतो. पूर्वेला निफाडकडे जमीन अधिक काळी व खोल आहे. त्यामुळे ‘नाशिकची माती’ असा एकवचनी उल्लेख वाईनच्या जाहिरातीत शोभला तरी जमिनीवर तो टिकत नाही.

बेसॉल्टच्या मातीत चुनखडीचे प्रमाण अनेक ठिकाणी जास्त असते व सामू ७.५ ते ८.५ च्या घरात जातो. अशा जमिनीत लोह वेलीला उपलब्ध होत नाही व कोवळी पाने पिवळी पडतात. विहिरी-बोअरचे पाणी खारवट असेल तर क्षार साचतात. या कारणांमुळे १९९० च्या दशकापासून महाराष्ट्रात द्राक्षवेल स्वतःच्या मुळांवर न लावता ‘डॉगरिज’ किंवा ‘११० आर’ अशा खुंटांवर कलम करून लावण्याची पद्धत रूढ झाली. युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळे पोखरणाऱ्या किडीमुळे कलमे करावी लागली; महाराष्ट्रात तेच तंत्र क्षार व दुष्काळ यांच्यामुळे आले. डॉगरिज खुंट खारवट पाण्यात तग धरतो, पण वेलीला फार जोम देतो. वाईनच्या द्राक्षांसाठी म्हणून ११० आर अधिक पसंत केला जातो.

खडक सारखा असला म्हणजे वाईनची द्राक्षे सगळीकडे येतील, असे होत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड (मोताळा तालुका) हे ऐतिहासिक गाव अजिंठा डोंगररांगेच्या पायथ्याशी, याच बेसॉल्टवर आहे. त्याच जिल्ह्यातील लोणारचे विवरही बेसॉल्टमध्येच कोरले गेले आहे. डोंगर उतरून पूर्णा नदीच्या खोऱ्यात गेले की खोल काळी माती व खाली खारे भूजल असलेला ‘खारपाण पट्टा’ सुरू होतो. कपाशी तेथे येते, पण खाऱ्या पाण्यावर वर्षभर ठिबक चालवून द्राक्षबाग जगवणे अवघड ठरते. नाशिकला धरणांचे गोडे पाणी, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरची उंची, मुंबईची जवळीक आणि आधीपासूनची द्राक्षशेती या चार गोष्टी एकत्र मिळाल्या.

हवामान आणि दोन छाटण्या

महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. फळकाढणीनंतर एप्रिलच्या सुमारास ‘खरड छाटणी’ करून वेल ओलांड्यापर्यंत मागे आणतात. नव्या फुटलेल्या काड्यांवर उन्हाळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते, म्हणजे पुढच्या हंगामाचे घड डोळ्यांच्या आत तयार होतात. पावसाळ्यात काडी पक्व होते. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘गोडी छाटणी’ अथवा फळछाटणी केली जाते, आणि त्यानंतर निघणाऱ्या फुटींवर घड दिसतात. एका पिकासाठी वेल दोनदा फुटते, पण फळ एकदाच घेतले जाते. पावसाळ्यात पिकणारे फळ कुजून जाईल, म्हणून ही व्यवस्था.

शिराझची काढणी साधारणपणे फेब्रुवारी ते मार्चमध्ये होते. बाटलीवर छापलेले वर्ष काढणीचे असते. २०२४ ची शिराझ म्हणजे २०२३ च्या पावसाळ्यानंतर छाटलेल्या वेलीचे फळ.

युरोप व ऑस्ट्रेलियापेक्षा येथील महत्त्वाचा फरक असा, की तेथे द्राक्षे पिकत असताना हवा थंड होत जाते, तर महाराष्ट्रात ती तापत जाते. डिसेंबर-जानेवारीत निफाडचे किमान तापमान कधी कधी पाच अंशांच्या आसपास वा त्याखालीही उतरते; दिवस उबदार व रात्री गार, अशा या दिवसांत मण्यांतील आम्ल टिकून राहते व सालीत रंग भरतो. मार्च उजाडला की दुपारी ३५ अंशांच्या पुढे पारा जातो, साखर भराभर चढते आणि आम्ल तितक्याच वेगाने घटते. काढणीसाठी योग्य असे दिवस थोडेच मिळतात. साखर २२ ते २४ ब्रिक्सवर आली असली तरी बिया तपकिरी झाल्या आहेत का, सालीतील तुरटपणा मऊ झाला आहे का, हे मणी चावून पाहावे लागते. तोडणी पहाटे किंवा सकाळी लवकर उरकून माल ऊन चढण्याआधी वायनरीत पोहोचवतात.

धोके प्रामुख्याने पावसाचे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परतीच्या पावसात कोवळ्या घडांवर केवडा (डाऊनी) व करपा येतो. २०१९ मध्ये लांबलेल्या पावसाने नाशिक भागातील द्राक्षबागांचे मोठे नुकसान केले. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट तर ऐन काढणीच्या तोंडावर आली. शिराझची साल खाण्याच्या द्राक्षापेक्षा जाड असल्याने थोडासा पाऊस तो सोसतो. गारांपुढे कोणत्याच वाणाचा टिकाव लागत नाही.

बागेची रचनाही वेगळी असते. खाण्याच्या द्राक्षांसाठी मंडप किंवा ‘वाय’ पद्धत वापरतात, तर वाईनच्या बागेत बहुधा फुटी उभ्या तारांत सरळ वर बांधतात. त्यामुळे घड एका ओळीत येतात, ऊन व वारा मिळतो आणि तोडणी सोपी होते. दुपारच्या थेट उन्हात मणी करपू नयेत म्हणून मावळतीकडील पाने राखून ठेवण्याची दक्षता घेतली जाते.

द्राक्षापासून वाईनपर्यंत

वायनरीत घड निवडून देठ वेगळे केले जातात व मणी हलकेच फोडून सालीसह टाकीत भरतात. शिराझचा रस रंगहीन असतो. वाईनचा लाल-जांभळा रंग पूर्णतः सालीतून येतो. यीस्ट साखरेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. वर तरंगणारा सालींचा थर कोरडा पडू नये म्हणून खालचा रस पंपाने त्यावर दिवसातून अनेकदा सोडला जातो. उष्ण प्रदेशातील रसात आम्ल कमी पडते, त्यामुळे टार्टरिक आम्लाची भर घालणे ही सर्वसाधारण पद्धत आहे. टार्टरिक हे द्राक्षातीलच आम्ल असल्याने ही भेसळ ठरत नाही.

किण्वनानंतर साली दाबून वाईन वेगळी करतात. दुसऱ्या टप्प्यात जिवाणूंमार्फत तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होते. रोजच्या वापराची शिराझ पोलादी टाकीत ठेवून काही महिन्यांत बाटलीबंद करतात. ‘रिझर्व’ म्हणवणारी वाईन फ्रेंच किंवा अमेरिकन ओकच्या पिंपांत वर्षभर वा अधिक काळ मुरते. एक टन द्राक्षांपासून साधारण ६०० ते ७०० लिटर लाल वाईन मिळते.

कुटुंबांच्या वायनरी

महाराष्ट्रातील शिराझच्या इतिहासात मोठ्या कंपनीइतकेच कुटुंबाच्या मालकीच्या छोट्या वायनरींना महत्त्व आहे.

नाशिकजवळ गंगावऱ्हे येथे, गंगापूर धरणाच्या जलाशयाकाठी उभी राहिलेली यॉर्क वायनरी हे त्याचे ठळक उदाहरण होय. गुरनानी कुटुंबाच्या या वायनरीचे नाव इंग्लंडमधील शहरावरून नव्हे, तर घरातील तीन भावंडांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ठेवले गेले. कैलास गुरनानी यांनी ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे वाईननिर्मितीचे शिक्षण घेतले व परतून वायनरीची सूत्रे सांभाळली. शिराझच्या मायदेशाइतक्याच प्रसिद्ध अशा प्रदेशात शिकलेला मुलगा घरच्या द्राक्षांची वाईन करतो, हा योग येथे जुळून आला. यॉर्कची शिराझ आणि शिराझ-कॅबर्ने मिश्रणाची ‘आरोस’ ही वाईन जाणकारांच्या पसंतीस उतरली. २०२१ मध्ये सुलाने यॉर्क विकत घेतली. नाममुद्रा टिकली, मालकी बदलली.

नाशिक जिल्ह्यातीलच पाटील कुटुंबाची व्हिंटेज वाईन्स ही शेतकरी घराण्यातून उभी राहिलेली वायनरी ‘रेव्हिलो’ या नावाने वाईन विकते. इटालियन तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली या कुटुंबाने नेरो द’आव्होला, ग्रिल्लो असे इटालियन वाण लावले, आणि सोबत सिराही. बाहेरची द्राक्षे विकत घेण्याऐवजी स्वतःच्या बागेतील मालावर भर देणे हे तिचे वैशिष्ट्य आहे.

सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात २००७ मध्ये स्थापन झालेली फ्रातेल्ली वायनरी तीन कुटुंबांची आहे. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू असे भागीदार असल्याने ‘भाऊ’ या अर्थाचा इटालियन शब्द नाव म्हणून घेतला गेला. मोटेवाडी, गारवाड व निमगाव येथील त्यांच्या बागा कमी पावसाच्या प्रदेशात आहेत. तेथे सांजोवेझे या इटालियन वाणाची ख्याती अधिक असली तरी शिराझही होते. साखर कारखानदारीसाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात उसापेक्षा कमी पाण्यावर येणारे हे पीक रुजले, ही लक्षणीय बाब आहे.

मंदी आणि उपटलेल्या बागा

२००५ ते २००८ या काळात वाईन द्राक्षांना चांगली मागणी होती व अनेक शेतकऱ्यांनी कर्ज काढून शिराझ, कॅबर्ने व सॉव्हिन्यों ब्लांच्या बागा लावल्या. २००८ च्या उत्तरार्धात जागतिक मंदी आली आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला. पर्यटन व तारांकित हॉटेले, म्हणजेच वाईनचे मुख्य ग्राहक, एकदम आक्रसले. वायनरींच्या टाक्यांत आधीच्या हंगामाची वाईन पडून राहिली. इंडेज कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली आली व अखेरीस न्यायालयीन अवसायनात गेली. राज्यात अनेक छोट्या वायनरी बंद पडल्या किंवा काही हंगाम द्राक्षे घेईनात.

या पेचात शेतकऱ्याची स्थिती का बिकट झाली, हे पिकाच्या स्वरूपात दडलेले आहे. थॉमसनचा भाव पडला तर माल शीतगृहात ठेवता येतो, स्थानिक बाजारात विकता येतो किंवा तासगावकडे करतात तसा त्याचा बेदाणा करता येतो. शिराझचा मणी लहान, बियांचा व जाड सालीचा. तो मंडईत कोणी घेत नाही, त्याचा चांगला बेदाणा होत नाही. त्याला एकच गिऱ्हाईक, वायनरी. आणि पिकलेले फळ आठवडाभरही थांबत नाही. वेल लावल्यापासून पहिले पीक येण्यास दोन-तीन वर्षे लागतात व वेल त्यानंतर पंधरा-वीस वर्षे टिकते. खरेदीचा करार मात्र तेवढा टिकेलच असे नसते. परिणामी २००९ नंतर नाशिक भागात वाईनच्या अनेक बागा उपटल्या गेल्या, तर काही ठिकाणी खोड कापून त्यावर खाण्याच्या वाणांची कलमे बांधली गेली. मुळे तीच राहिली आणि वर थॉमसन आला.

यानंतर टिकलेल्या मोठ्या वायनरींनी शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करण्यावर भर दिला. अशा करारांत वाण, एकरी उत्पादनाची मर्यादा, साखरेचे प्रमाण व दर ठरलेले असतात. सुला ही कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये शेअर बाजारात नोंदवली गेली.

शैली आणि चव

महाराष्ट्रातील शिराझ बहुधा गडद जांभळट लाल, मध्यम ते भरदार अंगाची व १३ ते १४ टक्के मद्यार्काची असते. जांभूळ, काळी मनुका, लवंग व मिरे यांची आठवण करून देणारा तिचा सुगंध असल्याचे आस्वादक सांगतात. शिराझमधील मिऱ्याच्या वासाला कारणीभूत असलेले ‘रोटंडोन’ हे द्रव्य ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २००८ मध्ये ओळखले. काळ्या मिऱ्यातही हेच द्रव्य असते. थंड प्रदेशातील द्राक्षांत ते अधिक तयार होते. त्यामुळे नाशिकच्या शिराझमध्ये मिऱ्यापेक्षा पिकलेल्या फळाचा भाग वरचढ असणे स्वाभाविक आहे. लवकर तोडलेल्या द्राक्षांच्या वाईनमध्ये हिरवट, देठासारखी छटा येते. आरंभीच्या काळातील भारतीय लाल वाईनवर हा आक्षेप वारंवार घेतला जाई.

टॅनिन मध्यम असल्याने मटण रस्सा, सुके मटण किंवा खडा मसाला वापरलेल्या भाज्यांसोबत ती जुळते, मात्र फार तिखट पदार्थांसोबत मद्यार्काचा दाह वाढतो. उन्हाळ्यातील खोलीच्या तापमानाला ती पिणे हा गैरसमज आहे. युरोपातील ‘खोलीचे तापमान’ म्हणजे १६ ते १८ अंश. बहुतेक बाटल्या दोन-चार वर्षांत पिण्यासाठी असतात.

कायदा, कर आणि वाद

वाईन हा शेतमालाचा प्रक्रिया केलेला प्रकार मानावा की मद्य, हा महाराष्ट्रातील जुना वाद आहे. कायद्याने ती मद्यच आहे व तिची विक्री परवान्याखाली होते. धोरणाने मात्र ती द्राक्ष उत्पादकाला आधार देणारे उत्पादन म्हणून सवलतीला पात्र ठरते. राज्यातील वाईनवर २० टक्के मूल्यवर्धित कर असून राज्यातील द्राक्षांपासून वाईन करणाऱ्यांना त्यांपैकी १६ टक्क्यांचा परतावा देण्याची प्रोत्साहन योजना आहे. लहान वायनरींच्या ताळेबंदात हा परतावा वेळेवर मिळतो की नाही, याला फार महत्त्व असते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने किमान १,००० चौरस फूट क्षेत्राच्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटातून वाईन विकण्यास मान्यता दिली. द्राक्ष उत्पादकांचे हित हे त्यामागील कारण सांगण्यात आले. विरोधी पक्षाने राज्याचे ‘मद्यराष्ट्र’ होत असल्याची टीका केली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. शेतकऱ्याच्या नावाने घेतलेल्या निर्णयाचा लाभ प्रत्यक्षात किती शेतकऱ्यांपर्यंत पोहोचेल, हा प्रश्नही विचारला गेला, कारण राज्यातील द्राक्षांचा फार थोडा हिस्सा वाईनकडे जातो आणि उरलेला ताजा किंवा बेदाण्याच्या रूपात विकला जातो. निर्णयाची अंमलबजावणी झाली नाही.

पर्यटन

नाशिकच्या वायनरींना मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पर्यटकांची मोठी साथ लाभली आहे. गंगापूर जलाशयालगत सुला, सोमा व यॉर्क या वायनरी जवळजवळ असून तेथे चाखण्याची दालने, उपाहारगृहे व निवासाची सोय आहे. इगतपुरी तालुक्यात मुकणे धरणाजवळील व्हॅलोने व सांजेगाव येथील ग्रोवर झांपा या वायनरींनाही भेट देता येते. द्राक्षतोडणीचा हंगाम जानेवारी ते मार्च हा भेटीसाठी योग्य काळ होय. शिराझचे घड वेलीवर पाहायचे असल्यास फेब्रुवारीत जावे. जूननंतर बागेत फक्त पाने असतात.